पीळ सुटला

दोर वळणारा माणूस जन्मभर उलटा चालतो. कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळायचा, त्यातले चार धागे ओढून चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि चाकाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकत जायचं. चाक फिरतं तसा धाग्यांना पीळ बसतो, माणूस मागे सरतो तसा पेड लांब होत जातो. असे तीन पेड एकत्र घेऊन उलट्या बाजूने वळले की झाला दोर. मागे काय आहे ते दिसत नाही, पण रोजच्या पायाखालची वाट बघायला कशाला हवी! चाक फिरवणारं माणूस मात्र जागच्या जागी उभं. या घरात उलटं चालायचा तो नवरा आणि चाक फिरवायची ती बायको. नावं ठेवायला गावाला कुणी शिकवावं लागत नाही. तो दोरवाला, ती चाकवाली. त्यांची खरी नावं विचारली असती तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागलं असतं.

सुगीच्या आधीचे दिवस होते. धंद्याचे दिवस म्हणाल तर हेच. गाडीला दोर लागतो, जनावराला दावं लागतं, विहिरीला नाडा लागतो, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी आणि कालच हवं असतं. घरामागच्या खड्ड्यात घायपाताची पानं भिजत पडली होती. पानं कुजली की त्यांतला वाख वेळेवर काढावा लागतो. चार दिवस उशीर झाला तर वाखही कुजतो आणि सगळी मेहनत अक्षरशः पाण्यात जाते.

त्या सकाळी दुसरा पेड चालू होता. चाकवाली मूठ फिरवत होती आणि फिरवता फिरवता तिला मूठ जड लागायला लागली. तिने मान वर केली. दोरवाला अर्ध्या वाटेवर नुसता उभा होता. चालणारा थांबला आणि चाक चालू राहिलं की पीळ साठत जातो. पेडाला वेटोळी पडली, डुकराच्या शेपटीसारखा तो जागोजागी गुंडाळला गेला.

"अहो, चाला की! पाय रुतले का?"

तो चालला नाही. होता तिथेच खाली बसला, अगदी हळू, जमीन किती खाली आहे ते माहीत नसल्यासारखा. हातातलं टोक सुटलं आणि पेड धुळीत वळवळत पडला. चाकवाली चाक सोडून धावली.

"काय झालं? चक्कर आली का?"

"पीळ सुटला," तो म्हणाला.

तिने पेड उचलून पाहिला. "सुटला कुठे? उलट जास्त झालाय. हा बघा."

"त्याचा नाही. माझा."

तिने त्याला बखोटीला धरून उठवलं आणि चाकाशेजारच्या छपराखाली आणून बसवलं. तो तिथे बसला तो बसलाच.

सासू आधी म्हणाली, ऊन लागलं असेल. मग म्हणाली, पोट बिघडलं असेल. मग कुणाची तरी नजर लागली, मग सुनेचा पायगुण. म्हातारीकडे कारणं पोत्याने होती. आपल्या पोराला दुःख झालं असेल, एवढं एकच कारण त्या पोत्यात नव्हतं. दोरवाला ऐकून घ्यायचा आणि मांडीवर जुन्या दोराचा तुकडा घेऊन त्याचा पीळ उलगडत बसायचा. एकेक पेड सोडवायचा, पेडाचे धागे सोडवायचा, धाग्यांचा गुंता बाजूला ठेवून दुसरा तुकडा घ्यायचा. घास तोंडात घेतला की चावायला विसरायचा. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला. चाकवालीने गरम पाणी आणून ठेवलं तर ते थंड होईपर्यंत बघत राहायचा.

"अंघोळ करा. बरं वाटेल."

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालात."

"हो," तो म्हणायचा. भांडायचा नाही. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस भांडत नाही, याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली.

चाकवालीने ओळखलं. बाकीचे नजर काढायची का ऊन उतरवायचं यावर वाद घालत होते तेव्हा तिने त्या दुखण्याला चेहऱ्याने ओळखलं, एखादा जुना पाहुणा दारात दिसावा तसं. हे तिच्याकडे राहून गेलं होतं. त्यांचं मूल तापाने गेलं, नुकतं रांगायला लागलेलं, त्यानंतर. तेव्हा तिलाही पाणी भांड्यात असून तहान तिथवर पोहोचत नव्हती. सकाळ झाली की वाटायचं, कशाला झाली. तेव्हा सासूने कारणांचं पोतं उघडलंच नव्हतं. एकच कारण होतं, आळस. "मुलं काय हिच्या एकटीची गेलीत? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच," असं म्हणत म्हातारीने एका सकाळी तिच्या अंगावर घागर ओतली होती. आणि नवऱ्याने तिला दंडाला धरून चाकाशी नेऊन उभं केलं होतं. तेव्हाही सुगीच तोंडावर होती. तिचा हात मुठीवरून सारखा घसरायचा, चाक थांबायचं, पेड सैल पडायचा. तिकडून तो ओरडायचा. शेवटी तो तणतणत आला आणि त्याने सुंभाच्या दोरीने तिचं मनगट मुठीला बांधून टाकलं. "आता कसा सुटतो बघू," म्हणाला आणि परत मागे मागे चालायला लागला. सुगी संपेपर्यंत रोज सकाळी तो ते बांधायचा आणि संध्याकाळी सोडायचा. जनावरालाही दिवसातून एकदा पाण्यावर सोडतात. मनगटावर वण राहिला, तो बांगडीखाली झाकून जायचा.

तेव्हा आता तो बसला आहे आणि ती उभी आहे, यात तिला थोडं बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला. एक-दोन दिवस तिने त्याच्यापुढे ताट आदळलंही. पण त्याचे डोळे पाहिले की तेच ताट ती परत त्याच्याजवळ सरकवायची. त्या जागी काय असतं ते तिला ठाऊक होतं, आणि तिथे शत्रूलाही एकटं सोडू नये असं तिला वाटायचं.

अशात एके दिवशी कपडे वाळत घालायची दोरी न्यायला गुरुजी आले. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात कपाटभर पुस्तकं आणि ऐकायला कुणी नाही. त्यामुळे कुणी सापडलं की त्यांचं चऱ्हाट सुरू व्हायचं. म्हातारी त्यांना लांबून पाहिलं की दार लोटून घ्यायची.

"काय रे, ऐन हंगामात बसून?" गुरुजी म्हणाले.

"पीळ सुटला, गुरुजी."

गुरुजी एकदम थांबले. "म्हणजे?"

दोरवाल्याने आणखी एक धागा सोडवला. "मी कुणीच नाही असं वाटतं. काही नको वाटतं. हे सगळं चाललंय ते लांब कुठेतरी चाललंय."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दोरीबिरी विसरून त्याच्यासमोर मातीत बसले. "अरे, पीळ सुटला म्हणजे मीपणा सुटला! हे एक वाक्य म्हणता यावं म्हणून लोक जन्म घालवतात. माझी बायको गेली तेव्हा मीही असाच बसलो होतो. पण मला वाट सापडली नाही. मी पुन्हा पेपर वाचायला लागलो."

चाकवाली चाकाला तेल घालत होती. ती म्हणाली, "गुरुजी, ते जेवत नाहीत."

"जेवण सुटतं सूनबाई, आपोआप सुटतं. आधी सगळं काळं व्हावं लागतं. मग उजेड."

"काळं झालंय ते दिसतंय. उजेड कधी होणार तेवढं सांगा, म्हणजे तोवर अंघोळीचं पाणी तापवत नाही."

गुरुजी हसले, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. गुरुजी लबाड नव्हते, हे सांगायला हवं. लबाड असते तर त्यांना हाकलणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आले. मग ते दोघं आणखी चौघांना. कुणाला झोप येत नव्हती, कुणाचा मुलगा बोलत नव्हता, कुणाला नुसतंच बघायचं होतं. छपराखाली गोणपाट अंथरलं गेलं. दोरवाला गप्प बसला तर मौन, डोळा लागला तर समाधी, ताट सारलं तर वैराग्य, रडला तर करुणा. एकदा चिडून "जा ना रे सगळे" म्हणाला, तर परीक्षा बघतात म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट आले. जाताना त्याच्या मांडीवरचे सुटे धागे माणशी चिमूटभर घरी न्यायला लागले. तो वाख चाकवालीने बडवून, धुवून, विंचरून काढलेला होता.

म्हातारीने पातळ बदललं. जन्मभर तिच्या दारात कुणी उधार मागायलासुद्धा थांबलं नव्हतं, आता माणसं तासन्‌तास बसत होती. ती गोणपाटाच्या कडेला बसून सांगायची, "लहानपणापासूनच तो असा. कशात जीव म्हणून नव्हता." चाकवालीला आठवायचं, याच पोराने चुलतभावाचं डोकं फोडलं होतं, एका कैरीवरून, आणि ते म्हातारीनेच कौतुकाने सांगितलं होतं.

खड्डा मात्र कुणासाठी थांबणार नव्हता. पानं तयार झाली. दोघांनी काढायचा वाख चाकवाली एकटीने काढायला उतरली. मांड्यांपर्यंत काळं पाणी, त्याचा वास असा की डोळे चुरचुरावेत. पानं उचलून काठावर टाकायची, दगडावर मोगरीने बडवायची, परत पाण्यात खळबळायची. घायपाताचा रस लागला की अंगाला आग आणि खाज सुटते, नखाने खाजवलं तर वाढते, न खाजवावं तर जीव जातो. दंडापर्यंत तिचे हात लाल झाले. वाख वाळत घालायला तिला छपरासमोरून जावं लागायचं.

"सूनबाई," गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वास येतो. जरा पलीकडून नेता आलं तर... लोक बसलेत."

ती थांबली. अंगावरून पाणी निथळत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातलेली होती. सगळी माणसं तिच्याकडे अशी बघत होती, जणू तीच काहीतरी घाण करून आली होती.

"नेते की पलीकडून," ती म्हणाली आणि वळसा घालून गेली. वाळत घालताना तिला रडू फुटलं. तेच दुखणं, तेच डोळे, तेच थंड होणारं पाणी! बाईला झालं तर आळस, आणि पुरुषाला झालं तर अवस्था! तिच्यापुढे कुणी गोणपाट अंथरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने सासूपाशी विषय काढला. "आई, मोठ्या गावच्या दवाखान्यात अशा दुखण्याची एक डॉक्टरीण बसते. नेऊन आणू या."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?" म्हातारी उखडली. "अगं, लोक त्याच्या पायाची माती न्यायला बघतात आणि तू त्याला वेडा ठरवतेस? तुला बघवत नाही त्याचं चांगलं झालेलं."

"हे चांगलं झालंय?"

"तू बसली होतीस तेव्हा आलं होतं का कुणी?"

"नाही," चाकवाली म्हणाली. "तुम्ही आला होतात. घागर घेऊन."

म्हातारीने तोंड फिरवलं. आत दोरवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

मग एके दिवशी दुपारी तो आपण होऊन उठला. अंघोळ केली. पुढ्यात आलेलं ताट पुसून खाल्लं. आणि चाकवालीला म्हणाला, "चांगला विंचरलेला वाख दे जरा." म्हातारीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने गल्लीत जाऊन सांगितलं आणि माणसं नेहमीपेक्षा लवकर जमली. त्यांच्यादेखत तो मांडीवर हाताने दोर वळत बसला. हात विसरले नव्हते. पीळ एकसारखा, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. चेहरा मोकळा दिसत होता. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "बघा, आता हा माणूस कामात असून कामात नाही."

चाकवालीलाही वाटलं, सुटलं बाई एकदाचं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. सवयीने तिने तयार दोर हातावर घेऊन मापला. विहिरीच्या नाड्याइतका तो लांब नव्हता. गाडीला हवा तेवढा जाड नव्हता. दाव्याचा म्हणावा तर दाव्याला इतका नीटस वाख कुणी लावत नाही. या घरात इतक्या वर्षांत असा दोर वळला गेला नव्हता.

"हा कशाचा?" तिने विचारलं.

"असाच."

"असाच कसा? कुणाला द्यायचाय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. मूल गेल्यापासून तो तिच्याकडे बघून असा हसला नव्हता. त्या हसण्यात निरोप होता. तिने तो ओळखला, कारण तीही एकदा असंच सगळ्यांशी गोड बोलली होती, आणि मग विहिरीच्या काठापर्यंत जाऊन परत आली होती. ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तिने तो दोर त्याच्या हातातून ओढून घेतला. आत गेली, खुंटीवरचे, माळ्यावरचे, बाजारासाठी रचून ठेवलेले सगळे दोर, दावी, नाडे उचलून बाहेर आणले आणि खड्ड्यात टाकले. परत गेली, परत आणले. पूर्ण हंगामाचा माल. वाळलेले दोर काळ्या पाण्यावर थोडा वेळ तरंगले आणि मग भिजून खाली गेले.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" म्हातारी किंचाळली. "धरा रे तिला!"

कुणी धरलं नाही. ती त्या वासाने भरलेल्या हातांनीच गोणपाटावर येऊन उभी राहिली. "याला मरायचंय," ती म्हणाली. "तुम्ही याच्यासमोर बसून याच्या मरणाची वाट बघताय. पीळ सुटला म्हणतो, आणि तुम्ही माना डोलावता. सुटलेल्या पिळाचा दोर नसतो हो, काडीकचरा असतो! दोन दिवसांनी आला असतात तर..."

गुरुजी म्हणाले, "सूनबाई, हे मरण म्हणजे तसं लौकिक मरण नव्हे, ते..." आणि मध्येच अडखळले. चष्मा काढला. दोरवाल्यापुढे वाकून त्यांनी विचारलं, "खरं का रे, ही म्हणते ते?"

"हो," दोरवाला म्हणाला.

एवढंच. माणसं एकेक करून उठली. फसवणूक झाल्यासारखी तोंडं करून गेली. गुरुजी तेवढे शेवटपर्यंत बसून होते, हातातला रुमाल चुरगाळत. मग म्हणाले, "सकाळची बस आहे. मी येतो बरोबर."

दवाखान्याच्या बाकावर तिघं बसली, दोरवाला मध्ये. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण घाई नव्हती तिला. गुरुजींना तिने बाहेर थांबायला सांगितलं. झोप कशी, भूक कशी, मरावंसं वाटतं का, सगळं सरळ विचारलं, पाऊसपाणी विचारावं तसं. दोरवाला होय-नाही करत होता, नजर टेबलाच्या पायावर.

"घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"नाही," तो म्हणाला.

"मला," चाकवाली म्हणाली.

दोरवाल्याने मान वर केली. इतक्या दिवसांत कुणी बोललं म्हणून त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"कधी?" डॉक्टरणीने विचारलं.

"मूल गेलं तेव्हा. सुगीच्या आधी. पुढच्या पावसाळ्यापर्यंत होतं."

"औषध काय घेतलं?"

"चाक फिरवलं."

डॉक्टरणीला कळलं नाही. तिने विचारलं, "कसलं चाक?" दोरवाला तिच्या मनगटाकडे बघत होता. रसाने हात सुजले होते म्हणून तिने बांगड्या काढून ठेवल्या होत्या आणि वण उघडा पडला होता.

गोळ्या मिळाल्या. गुण यायला वेळ लागेल, मधेच सोडू नका, एकटं ठेवू नका, आठवड्याने परत या. परतीच्या बसमध्ये तो गोळ्यांची पुडी मुठीत धरून बसला होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला राग आला होता. इतक्या वर्षांनी, परक्या बाईसमोर, एका शब्दात ते तोंडातून निघून गेलं होतं, आणि बस तशीच चालली होती.

घरी आली तर दोर वळायच्या वाटेवर वाखाचे पुंजके विखुरलेले. ज्यांनी नेले होते त्यांनी आणून टाकले होते. घरात ठेवणं बरं नाही म्हणे. म्हातारी दाराशी बसून होती. "घालवलीस इज्जत," एवढंच म्हणाली. चाकवालीने पुंजके वेचून घेतले. झटकले तर गादीत भरायला चालण्यासारखे होते.

हंगाम बुडाला. भिजलेले दोर काढून वाळवले, पण त्यांना वास आणि नरमपणा राहिला. गाडीवाल्यांनी दुसरीकडून दोर घेतले. चाकवाली दुसऱ्यांच्या शेतावर कापणीला गेली, आणि ती येईपर्यंत गुरुजी पेपर घेऊन छपराखाली बसायचे. वाचायचे नाहीत मोठ्याने. गोळी दिली की नाही तेवढं म्हातारीला विचारायचे. म्हातारी उत्तर द्यायची नाही, पण गोळी द्यायची.

दोरवाला हळूहळू वर आला. आधी तहान लागायला लागली, मग भूक, मग एकदा तो चहात साखर कमी म्हणून कुरकुरला. चाकवालीने साखर घालताना पाठ फिरवून डोळे पुसले. रस्त्याने जाणारे आता त्याच्याकडे बघून बोलायचे, "उतरला. टिकलं नाही. बायकोने खाली ओढला."

एका संध्याकाळी गुरुजींना राहवलं नाही. चाकवाली चुलीशी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"रागावू नकोस," गुरुजी म्हणाले. "पण तू तिथे गेला होतास. इतका आत. काही दिसलं का रे तिथे? काहीतरी?"

दोरवाल्याने आत चुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ही दिसली."

"कोण?"

"ही. मी तिथे गेलो तर ही आधीच जाऊन आली होती. एकटी. आणि मी हिला तिथे असताना चाकाला बांधलं होतं, गुरुजी. मला आवाज ऐकू येत होता हिचा, मी म्हणायचो चाक कुरकुरतंय."

गुरुजी वाट बघत राहिले. "आणि?"

"आणि काय? एवढंच."

"एवढंच?"

"मला एवढंही माहीत नव्हतं," दोरवाला म्हणाला. गुरुजींनी पेपराची घडी घातली, ती परत उलगडली, परत घातली. मग ते घरी गेले.

चाकवालीने ताट वाढलं, त्याच्यापुढे ठेवलं. तो काही बोलेल असं तिला वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं. माफी मागितली असती तर तिने ती तोंडावर फेकली असती. त्याने मागितली नाही. जेवला, आपलं ताट उचलून धुऊन ठेवलं. म्हातारी आ वासून बघत राहिली.

सकाळी चाकवाली बाहेर आली तर तो चाकाशी उभा होता. आपल्या नेहमीच्या बाजूला नव्हे, तिच्या बाजूला. मुठीवर हात ठेवून. हात थरथरत होता, गोळ्यांनी अजून थरथरायचा. कोपऱ्यात तिने उरलेल्या पानांतून काढलेला वाख होता, जेमतेम एका दोराचा.

"तू चाल," तो म्हणाला. "मी फिरवतो."

तिने वाख कमरेला गुंडाळला, धागे आकड्यात अडकवले आणि त्याच्याकडे तोंड करून मागे पाऊल टाकलं. चाक फिरायला लागलं. तिला उलटं चालायची सवय नव्हती, पाय चाचपडत होते. पण पेड हातात घट्ट होत गेला. थोड्या वेळाने तो सैल पडला. त्याचा हात मुठीवरून घसरला होता.

त्याने हात परत ठेवला. परत घसरला. तो तिकडून ओरडला, "अगं, सुंभाची ती हातभर दोरी छपराच्या खुंटीलाच असेल. आण. माझा हात बांध."

दोरी खुंटीलाच होती. तीच. तिने ती कधी टाकली नव्हती, त्या दिवशी खड्ड्यातही नाही. का टाकली नव्हती, ते तिला आत्ता कळलं. या एका दिवसासाठीच ती तिने जपून ठेवली होती.

ती पेड हातात धरून उभी राहिली. तो हात पुढे करून उभा होता, मनगट वर करून.

"नाही बांधणार," ती म्हणाली. "सुटला तर सुटू दे. मी थांबते."

"आणि पेड बिघडला तर?"

"बिघडू दे. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. कसं थांबतात ते बघा तुम्ही."

त्याने हात खाली घेतला आणि तोंड पुसलं. ती अर्ध्या वाटेवर तशीच उभी राहिली, पेड ताणून, सैल पडू न देता. हात भरून आले तरी तिने तो सोडला नाही. बऱ्याच वेळाने चाक पुन्हा फिरायला लागलं, तेव्हा तिने एक पाऊल मागे टाकलं.